ओढायचा दोर पंख्यात गेला तर: पहिल्या मिनिटापासून ग्लँड तपासेपर्यंत

दर्याकाठ (धागाकर्ता)

इंजिन बंद पडलेल्या बोटीला दोर देऊन बंदरात ओढून आणणं हे आपल्या किनाऱ्यावर नेहमीचं काम. ओढणाऱ्या बोटीच्या पंख्यात तोच दोर गेला की एकाऐवजी दोन बोटी वाऱ्यावर जातात. म्हणून हा धागा फक्त याच विषयासाठी. डोळ्यांसमोर ठेवलेली बोट अशी: 12 ते 15 मीटरची लाकडी किंवा फायबरची मच्छीमार बोट, आत डिझेल इंजिन, एक शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा), एक पंखा (प्रोपेलर). आउटबोर्डवाल्यांनी (इंजिन बाहेर पिछाडीला टांगलेलं असतं ते) खाली जरूर भर घालावी.

दोर गेल्याची खूण लगेच कळते. बुडाखाली धपकन आवाज होतो, इंजिनाचे फेरे एकदम उतरतात, धुराड्यातून काळा धूर येतो आणि बहुतेक वेळा इंजिन बंदच पडतं. बंद पडलं नाही तर सगळी बोट थरथरते.

त्या क्षणी गियर न्यूट्रल करा, मग इंजिन बंद. "जरा जोर लावू, तुटेल" हा विचार करू नका. हिशोब बघा. इंजिन 600 फेऱ्यांवर, गियर 3:1, म्हणजे शाफ्ट मिनिटाला 200 फेरे. 10 सेकंदांत 33 वेढे. 50 मिमीच्या शाफ्टवर 20 मिमीचा दोर असेल तर एवढ्यात 7 मीटरच्या वर दोर गुंडाळला गेला, आणि तोही दाबून.

यानंतरचं काम बरेच जण विसरतात. दोराचं एक टोक तुमच्या पंख्यात आणि दुसरं मागच्या बोटीवर, म्हणजे तुमची बोट पिछाडीने बांधली गेली. नाळ (बोटीचं पुढचं टोक) लाट कापते, पिछाडी लाट अंगावर घेते. मागच्या बोटीला ओरडून सांगा, दोर त्यांनी आधी सोडायचा. सोडण्यापूर्वी टोकाला रिकामा कॅन किंवा बोया बांधायला सांगा, नाहीतर हाच दोर नंतर त्यांच्याही पंख्यात जाईल. तो सोडता येत नसेल तर पिछाडीला कोयत्याने तोडा, पण पंख्याकडे 3-4 मीटर शेपूट राहू द्या. पुढे तेच हाताला लागणार आहे.

मग नाळेवरून नांगर. खोलीच्या 5 ते 7 पट दोर सोडा, साखळी पुढे. त्यानंतर एक माणूस खाली, ग्लँड (शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथलं पाणी अडवणारा भाग) बघायला. वायरलेसवर चॅनेल 16, मोबाईलची रेंज असेल तर तटरक्षक दल 1554, सागरी पोलीस 1093. बुडायला लागल्यावर नव्हे, खडकाकडे वाहायला लागण्याआधी कळवा.

---

स्टर्नट्यूब

ग्लँड बघायला का जायचं ते लिहितो. पंख्याचा बोंगा (पाती बसलेला मधला भाग) आणि स्टर्न बेअरिंग (पिछाडीला शाफ्टला आधार देणारं) यांच्यात थोडी फट असते. दोर गुंडाळला जातो तो या फटीत. वेढ्यावर वेढा चढला की तो पाचरीसारखं काम करतो आणि पंख्याला शाफ्टसकट मागे रेटतो. ताण येतो कपलिंगच्या (शाफ्ट आणि गियर जोडणारा सांधा) बोल्टांवर आणि इंजिनाच्या पायांवर. कपलिंग पिंच बोल्टाचं असेल तर शाफ्ट त्यातून सरकतो. फार वाईट प्रकारात शाफ्ट मागे निघून सुकाणूला टेकतो.

खाली गेल्यावर या क्रमाने बघा:

ग्लँडमधून थेंब येतायत की धार. थेंब ठीक. धार असेल तर नट दोन्ही बाजूंनी सारखे, एकेक पाव फेरा आवळा. एकच बाजू आवळली तर फॉलोअर (ग्लँडमधलं पॅकिंग दाबणारा भाग) तिरका बसतो आणि शाफ्ट कापतो.

कपलिंगच्या मागे शाफ्टवर जुना रंग किंवा गंजाची कड असते. ती कपलिंगपासून लांब सरकलेली दिसली, आतून चकचकीत धातू उघडा पडला, तर शाफ्ट मागे ओढला गेलाय. अशा वेळी शाफ्ट फिरवायच्या भानगडीत पडू नका, दोर तसाच ठेवून ओढून घ्या.

इंजिनाच्या चारही पायांचे रबर. एखादा फाटला की इंजिन एका बाजूला बसलेलं दिसतं.

पाणी थांबत नसेल तर ग्रीस फासलेली सुती चिंधी ग्लँडभोवती घट्ट गुंडाळून वर सुतळी आवळा. शाफ्ट फिरणार नसेल तर एवढ्याने किनाऱ्यापर्यंत निभावतं.

---

खाडीतला_खलाशी

एक प्रश्न. आमच्याकडे पुष्कळ जण मागचा गियर टाकून दोर उलटा सोडवतात. निघतोही. मग हात घालायची गरज काय?

---

स्टर्नट्यूब

निघतो तेव्हा निघतो. दोन-तीनच वेढे असतील, दोर वितळला नसेल आणि सुटं टोक वर कुणाच्या तरी हातात ताणलेलं असेल तरच. टोक सुटं असेल तर पंखा उलटा फिरताना आधीचे वेढे सैल होतात आणि तेच टोक उलट्या दिशेने पुन्हा गुंडाळलं जातं. आता दोन थर, दोन दिशा. हा गुंता फक्त कापूनच निघतो.

इंजिनाची ताकद वापरायची तर अटी सांगतो. शाफ्ट आधी हाताने थोडा तरी हलला पाहिजे. ग्लँड कोरडा किंवा थेंबांवर हवा. पाण्यात माणूस नाही. इंजिन सर्वांत कमी फेऱ्यांवर, गियर एक सेकंद टाकून लगेच न्यूट्रल. वरचा माणूस दोर ताणून धरेल, पण हाताला किंवा मनगटाला वेढा न घेता. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर बंद.

---

बंदरावरचा_मिस्त्री

इंजिनापेक्षा हाताने फिरवणं केव्हाही बरं. इंजिन बंद, गियर न्यूट्रल, बॅटरीचा कटऑफ स्विच बंद. कपलिंगवर पाईप पाना लावा, किंवा बोल्टांच्या डोक्यांमध्ये पहार अडकवा. पाना शाफ्टच्या गुळगुळीत भागावर लावायचा नाही. त्याचे दात उमटले की पुढे ग्लँडची डोरी (आतलं पॅकिंग) खाल्ली जाते.

आता दिशा. फिरवण्यापूर्वी तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) एकच विचारा: दोर गेला तेव्हा गियर पुढचा होता की मागचा? ओढायला जाताना बोट मागे घेत दोर उचलतात, त्यामुळे निम्म्या वेळा तो मागच्या गियरात गेलेला असतो आणि सगळे उगाच उलट्या दिशेने झटत बसतात.

उजव्या फिरतीचा पंखा पुढच्या गियरात बोटीच्या मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. तुम्ही इंजिनापाशी, पिछाडीकडे तोंड करून बसलेले असाल तर तोच तुम्हाला काट्यांच्या उलट दिसेल. म्हणजे दोर पुढच्या गियरात गेला असेल तर तिथे बसून शाफ्ट काट्यांच्या दिशेने फिरवायचा. मागच्या गियरात गेला असेल किंवा पंखा डाव्या फिरतीचा असेल तर याच्या उलट. दोन्ही गोष्टी एकदम असतील तर पुन्हा काट्यांच्या दिशेनेच.

कपलिंगवर खडूने रेघ मारा म्हणजे किती फेरे झाले ते मोजता येतं. खालचा माणूस अर्धा फेरा देतो, "ओढ" म्हणतो, वरचा ढिलाई काढतो. परत अर्धा फेरा. घाई केली की ढिला दोर पात्याच्या टोकावर चढतो. ओढायची दिशाही बदलत राहा, एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या, कधी थेट मागे. जिथून सुटतो तिथे हाताला लगेच समजतं.

---

तीन_पदरी

कोणता दोर आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून, म्हणून दोराबद्दल.

पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपला स्वस्तातला पीपी, पाण्यापेक्षा हलका: घनता 0.91. तरंगतो, लांबून दिसतो, पण ढिला पडला की पृष्ठभागावर वेटोळी करून पंख्याच्या ओढीत येतो. साधारण 165 अंशांना वितळतो. शाफ्टवर घासून एवढी उष्णता सहज तयार होते. बाहेर काढलेला असा गोळा कधी बघा: बाहेरचे वेढे दोरासारखे, तीन पदर स्पष्ट, आत हिरवा-निळा प्लास्टिकचा कडक कडा, बांगडीसारखा, त्यात पदर ओळखूच येत नाहीत. हा कडा उलगडत नाही, फोडावाच लागतो.

नायलॉन 1.14, म्हणजे बुडतो. तुटण्यापूर्वी पाव ते तृतीयांश ताणतो, म्हणून ओढायला हाच चांगला, झटका पोटात घेतो. वितळायला पीपीपेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून गोळा कमी होतो. त्याचा धोका वेगळा. ढिला पडला की खाली जातो, दिसत नाही, आणि बरोबर तुमच्या पंख्याच्या पातळीवर लोंबतो.

पॉलिएस्टर 1.38, चटकन बुडतो, ताणत फार नाही. पीपी आणि नायलॉन गाठ मारून जोडू नका. ताण आला की नायलॉन लांबतो, पीपी लांबत नाही आणि गाठीपाशी तुटतो.

---

दर्याकाठ

आता कापण्याबद्दल कुणी लिहील का? कोयता बांबूला बांधून खालून ओढतात, ते बरोबर आहे का?

---

बंदरावरचा_मिस्त्री

कोयता चालतो, पण बाहेर लोंबणाऱ्या दोरासाठी. शाफ्टवरच्या वेढ्यांना नाही. वरून जोर दिला की तो सटकतो आणि पात्याची कड खराब करतो.

वेढ्यांसाठी दातेरी सुरी, पाव कापायची असते तसली. गुळगुळीत धारेची सुरी ओल्या पीपीवर घसरते. वितळलेल्या कड्यासाठी हॅकसॉचं पातं, फ्रेमशिवाय, एका टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळून मूठ केलेलं. तीन-चार पाती बरोबर ठेवा, हातातून सुटून पाण्यात जातातच. मुठीला मनगटाची दोरी लावलीत तर वाचतील.

कापायची रेघ शाफ्टला समांतर. एकेक वेढा शोधून कापत बसू नका. पंख्याकडून बेअरिंगकडे सरळ एक चर पाडा, सगळे वेढे एकाच रेघेत तुटतात आणि सालीसारखे सुटतात. मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून समोरच्या बाजूला दुसरा चर. दोन चर झाले की कडकातला कडक गोळा दोन वाट्यांत निघतो.

बेअरिंगच्या तोंडाशी आल्यावर करवत थांबवा. आतलं रबर कापलं गेलं तर दुरुस्तीचं काम दुप्पट. तिथला शेवटचा तुकडा पक्कडीने ओढून काढा. ते रबर पाण्यावर चालतं, त्याच्या खाचांत दोराचे धागे राहिले तर पाणी आत जात नाही आणि बेअरिंग सुकं चालून जळतं. म्हणून खाचा एकेक बघायच्या. शाफ्टवर जस्ताचा अ‍ॅनोड असेल तर त्याचे स्क्रू ढिले झाले का तेही लगेच.

---

श्वास

पाण्यात उतरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. यात माणूस जातो, त्यामुळे सविस्तर.

उतरायचं की नाही हे आधी ठरवा. बोट लाटेवर उचलत असेल तर नाही. पिछाडी अर्धा मीटर वर जाऊन खाली आपटते आणि खालचा माणूस नेमका तिच्या खाली असतो. खाडीत ओहोटीची ओढ असेल तर नाही, पाणी थांबेपर्यंत थांबा. अंधार पडला तर नाही. पाणी गढूळ असेल तर हाताने चाचपून कापावं लागतं, आणि त्या हातात सुरी असते. तेव्हाही नाही.

उतरणार असाल तर इंजिनाची चावी उतरणाऱ्याच्या खिशात. दुसऱ्या कुणाच्या हातात नाही, डॅशबोर्डवर नाही. चावी नसलेलं इंजिन असेल तर बॅटरीची तार काढा आणि स्टॉपचा दांडा ओढून बांधून ठेवा. शाफ्ट फिरवायला आत बसलेला माणूस, वर दोर धरणारा आणि खालचा यांच्यात खुणा आधी ठरवा. बुडावर दोन ठोके म्हणजे फिरव, एक ठोका म्हणजे थांब. खालच्याचं डोकं वर दिसल्याशिवाय शाफ्टला हात लावायचा नाही.

डोक्यावर हेल्मेट, साधं दुचाकीचं नाही, पाणी निघून जाईल असं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण बुडाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. कमरेला दोर बांधू नका, तोच पंख्यात अडकतो. त्याऐवजी बोटीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला बुडाखालून एक जाड दोर ताणून घ्या, धरायला. कामाच्या मध्ये सोडून द्यायला तो सोपा.

श्वास रोखून काम करणाऱ्याने उतरण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा येते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो, धडपड न करता. वरच्याला काही कळत नाही. एका बुडीला 20-25 सेकंद, वर आल्यावर निदान दोन मिनिटं विश्रांती, आणि वरचा माणूस नुसता बघत बसेल, दुसरं काही करणार नाही.

---

तिथीचं_गणित

किनारा जवळ असेल तर उतरायचंच कशाला, भरतीला बोट मऊ रेतीवर लावून ओहोटीला सुक्यात काम करा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास मिळतात, पण पंखा उघडा राहतो तो ओहोटीच्या आसपासचे दोन-तीन तासच. तिथीची पाऊणपट हा मुंबईकडचा जुना हिशोब इथे उपयोगी: चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे भरती 3 वाजता, ओहोटी 9 च्या सुमारास. अष्टमीला भरती 6 ला, ओहोटी 12 ला, पण तेव्हा भांग (लहान भरती-ओहोटी), पाणी कमी उतरतं. पंखा उघडा पडेल का ते बोट किती पाणी ओढते त्यावरून आधी ठरवा. दक्षिणेला मालवणकडे भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या मानाने बराच कमी, तिथे भांगाला हे जमणार नाही.

एक काळजी. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) अगदी शिखरावर, भरलेल्या पाण्यात बोट वर चढवू नका. पुढच्या भरत्या रोज उतरत जातात आणि बोट पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, तिथेच बसते. पाणी भरल्यानंतर तासाभराने, उतरत्या पाण्यात लावा. कलंडणाऱ्या बाजूला वाळूची पोती किंवा ओंडका ठेवा, आणि ती बाजू डिझेलच्या टाकीच्या हवेच्या नळीची नको.

---

तारकर्ली_आउटबोर्ड

आउटबोर्डवाल्यांसाठी. बनाना राईड, टायर राईड, पॅरासेलिंग, सगळीकडे दोर मागे आणि वळण घट्ट. दोर जातो तो बोट थांबवून पडलेल्या माणसाला घ्यायला वळताना.

किल स्विचची दोरी ओढून काढा, इंजिन वर टिल्ट करा. बहुतेक वेळा वरूनच हात पोचतो. पंखा हाताने उलटा फिरवत दोर काढा. तरीही निघाला नाही तर पंखा उतरवा. आधी कॉटर पिन, मग नट (पंखा फिरू नये म्हणून पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा), मग वॉशर, स्पेसर, पंखा, आणि शेवटी आतला जाड थ्रस्ट वॉशर. तो वॉशर काढून त्याच्या मागे बघाच. गळाची तंगूस किंवा दोराचा एखादा धागा तिथे सीलमध्ये घुसलेला असतो, बाहेरून दिसत नाही. सील कापलं की गियरच्या तेलात पाणी जातं. दुसऱ्या दिवशी खालचा स्क्रू ढिला करून दोन थेंब बघा. तेल दुधाळ आलं तर सील बदलल्याशिवाय चालवू नका.

पंखा बसवताना शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस, कॉटर पिन नवीन. बोटीत नटाचा पाना, दोन कॉटर पिना आणि छोटं इंजिन असेल तर शिअर पिना हव्यातच. सुटे भाग काढताना खाली जाळीची टोपली धरा, पाण्यात पडलेला थ्रस्ट वॉशर परत मिळत नाही.

दोर काढल्यावर इंजिन भरपूर फिरतंय पण बोट सरकत नाही, असं झालं तर आतल्या हबचं रबर सुटलंय. अगदी कमी फेऱ्यांवर किनाऱ्यापर्यंत येता येतं.

---

दर्याकाठ

मुळात दोर जातो कधी, त्यावर थोडं. दोन वेळा धोक्याच्या.

पहिली, दोर देताना. जाड दोर पाण्यात टाकून तो समोरच्याने उचलायची वाट बघू नका. आधी बारीक दोरी फेकायची, टोकाला वजन बांधून, आणि तिने जाड दोर ओढून घ्यायचा. बारीक दोरी पाण्यात आहे तोवर गियर न्यूट्रल. मागचा माणूस खुंट्याला एक वेढा घेऊन हळूहळू दोर सोडतो, पिछाडीखाली कधी ढीग पडू देत नाही. त्याने हात वर केला तरच पुढचा गियर.

दुसरी, बंदराच्या तोंडाशी वेग कमी करताना. इथेच सर्वांत जास्त. तुम्ही वेग कमी करता, मागची बोट तिच्या वजनाने येतच राहते, दोर ढिला पडतो आणि नायलॉन असेल तर सरळ पंख्याखाली जातो. वेग टप्प्याटप्प्याने कमी करायचा आणि दोन माणसांनी दोर आत ओढत राहायचं. मग मागची बोट कुशीला बांधायची. पुढचा दोर, मागचा दोर आणि एक तिरका दोर (स्प्रिंग). ओढणाऱ्या बोटीची पिछाडी दुसऱ्या बोटीच्या पिछाडीच्या मागे निघालेली हवी, म्हणजे पंखा आणि सुकाणू मोकळं काम करतात.

---

तीन_पदरी

दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये हेही. ताणलेला नायलॉन तुटला तर रबरासारखा परत येतो.

---

खाडीतला_खलाशी

शाफ्टवर दोर कापणारी पाती बसवतात ती उपयोगी आहेत का?

---

बंदरावरचा_मिस्त्री

बारीक दोर, जाळ्याचे तुकडे आणि तंगूस यांच्यासाठी उपयोगी. 24 मिमीचा नायलॉन ताणात असेल तर भरवसा ठेवू नका. एक प्रकार गोल धारेच्या चकतीचा, दुसरा कात्रीसारखा, त्यातलं एक पातं बेअरिंगच्या घरावर पक्कं असतं. दोन्हींना बोंग्यामागे जागा लागते, आधी फट मोजा.

त्याहून स्वस्त म्हणजे रोप गार्ड: बोंगा आणि बेअरिंग यांच्यातली फट झाकणारी नळी, दोन अर्ध्या भागांत, बेअरिंगच्या घराला बोल्टांनी पक्की. बोंग्याला टेकायची नाही, काही मिलीमीटर मोकळी ठेवायची, आणि बेअरिंगचं पाणी अडू नये म्हणून तिला भोकं हवीत. फट शाफ्टच्या व्यासापेक्षा मोठी असेल तर आधी ती कमी करून घ्या, कारण पंखा जेवढा बाहेर तेवढा तो जास्त हलतो.

---

खाडीतला_खलाशी

दोर निघाला, ग्लँड कोरडा आहे, पण 1200 फेऱ्यांच्या वर थरथर येते. काय बघायचं?

---

स्टर्नट्यूब

आधी पंखा. एखाद्या पात्याचं टोक वाकलंय का बघा. एक काठी बेअरिंगच्या घराला टेकवून धरा, पंखा फिरवत प्रत्येक पात्याचं टोक काठीपासून किती लांब ते मोजा. सगळी सारखी हवीत. मग शाफ्ट. आतून डायल गेज लावून एक फेरा द्या, काटा किती फिरतो ते बघा.

दोन्ही ठीक असतील तर अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का. कपलिंगचे बोल्ट काढा, दोन्ही तोंडं जवळ आणा आणि फीलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. 100 मिमीच्या कपलिंगला चार मापांत 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक नको. हे माप बोट पाण्यात तरंगत असताना घ्यायचं, सुक्यात बुडाचा आकार थोडा बदलतो. ग्लँडची डोरी एवीतेवी बदला. जुन्या सगळ्या कड्या काढा, नवीन तिरक्या कापून सांधे एकाखाली एक येणार नाहीत असे बसवा. पहिल्या तासात तीन वेळा हात लावून बघा. ग्लँड कोमट चालेल, हात ठेववत नाही इतका गरम झाला तर नट पाव फेरा ढिले करून मिनिटाला दोन-तीन थेंब येऊ द्या.